‘रन’चा विजय आणि एका संपादकाचे नऊ महिने

ऑक्सफर्डच्या बृहत् इंग्रजी कोशात ‘सेट’ला मागे सारून ‘रन’ हे क्रियापद २०११ साली सर्वाधिक अर्थांचे धनी ठरले, ही वार्ता वाचकांच्या नजरेखालून गेलेलीच आहे; परंतु ६४५ या आकड्याच्या गजरात तो ज्यांनी सिद्ध केला त्या पीटर गिलिव्हर यांचे नाव मागे पडावे, हे मला अन्यायाचे वाटते. या एका क्रियापदापायी हे संपादक नऊ महिने खपले. शतकानुशतकांच्या ग्रंथांतून व वृत्तपत्रांतून वेचलेला एकेक दाखला हाती घ्यावयाचा, तो पूर्वीच्या अर्थात सामावतो की त्यास निराळे कलम द्यावे लागते याचा निवाडा करावयाचा, आणि पुढचा दाखला त्या निवाड्यास बाध आणणारा निघाला तर सारे दप्तर पुन्हा मांडावयाचे, असे हे काम आहे.

पाण्याचे वाहणे हा अर्थ या क्रियापदास माणसाच्या धावण्याइतकाच पुरातन; त्याच ओघात नाक वाहते, मेणबत्तीचे मेण ओघळते, धुतलेल्या वस्त्राचा रंग पसरतो. पुढे घड्याळ, गिरणी, आगगाडी आणि अखेर संगणकाची आज्ञावली, सर्वांचे चालणे याच क्रियापदाने आपल्या अमलाखाली घेतले. सायमन विंचेस्टर या लेखकाने त्याच्या उत्कर्षाचे श्रेय यंत्रयुगाच्या धांदलीस दिले आहे. विचार मोहक खरा, परंतु अपुरा. कारण धोका पत्करण्याचा अर्थ वाफेच्या यंत्राहून जुना आहे, आणि अमेरिकेतील उमेदवार निवडणुकीसाठी ‘धावतो’ तेव्हा त्यात यंत्राचा संबंध कोठला? (इंग्लंडातला उमेदवार मात्र आपल्याकडील उमेदवाराप्रमाणे उभाच राहतो.)

माझा खरा आक्षेप तुलनेस आहे. ‘सेट’चे ४३० अर्थ १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतले असून, त्यांची मुख्य मांडणी १९२८ साली पूर्ण झालेल्या पहिल्या आवृत्तीत हेन्री ब्रॅडली यांच्या हातून झालेली; ‘रन’ला मात्र चालू फेरतपासणीचा, आणि संगणकाने सुलभ केलेल्या विपुल दाखल्यांचा, पूर्ण लाभ मिळाला. ही फेरतपासणी ‘एम’ या अक्षरापासून सुरू झाली, म्हणून ‘आर’ आधी आला व ‘एस’ रांगेत राहिला, एवढाच या विजयामागचा मोठा योगायोग. ‘सेट’च्या वाट्यास तसेच नऊ महिने येईपर्यंत हा निकाल कायम मानण्यास मी तयार नाही.