रिकामा हौदा, निसरडा रस्ता

पिकअप ट्रक बर्फात घसरतो तो बहुधा रिकामा असताना. इंजिन, गिअरबॉक्स आणि केबिन यांचे ओझे पुढे, मागे नुसता पत्र्याचा हौदा. माल नसला की एकूण वजनाचा जेमतेम चाळीस टक्के भार मागच्या चाकांवर येतो आणि टू-व्हील ड्राइव्ह पिकअपमध्ये गाडी ढकलण्याचे काम नेमके त्याच चाकांकडे असते. अमेरिका आणि कॅनडात शेतकऱ्यापासून प्लंबरपर्यंत सगळे हे वाहन वापरतात, आणि तिथल्या उत्तर भागात वर्षातले चार-पाच महिने रस्त्यावर बर्फ असतो. त्यामुळे तिथे टायरची निवड ही हौसेची बाब राहत नाही.

फोर-व्हील ड्राइव्ह घेतला की टायरची चिंता मिटली, असा समज सर्रास आढळतो. तो निम्माच खरा आहे. इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळाल्याने गाडी जागची हलते, चढ चढते. थांबताना मात्र तिचा उपयोग शून्य, कारण ब्रेक तर कोणत्याही गाडीच्या चारही चाकांना असतात. गाडी किती अंतरात थांबेल आणि वळणावर टिकेल की नाही, हे तळहाताएवढ्या चार रबरी ठिपक्यांवर ठरते. फोर-व्हील ड्राइव्हमुळे गाडी सहज वेग घेते आणि चालकाला रस्ता किती निसरडा आहे याचा अंदाजच येत नाही, हा त्यातला छुपा धोका.

रबर थंडीत कडक होते. उन्हाळी टायरचे रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली ताठर होऊ लागते आणि रस्त्याच्या बारीक खडबडीत पृष्ठभागाला चिकटून बसत नाही. म्हणजे बर्फ पडायच्या आधीच, कोरड्या पण गारठलेल्या डांबरावरही पकड कमी झालेली असते. हिवाळी टायरच्या मिश्रणात सिलिकाचे प्रमाण भरपूर असते आणि ते उणे वीस-तीस अंशांतही लवचीक राहते. पहिला हिवाळी टायर फिनलंडमध्ये १९३४ साली निघाला, आज नोकियन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीकडून. आणि तो मोटारींसाठी नव्हे, ट्रकसाठी होता. मोटारींसाठीचा ‘हाकापेलिटा’ दोन वर्षांनी आला.

हिवाळी टायर जवळून पाहिला तर प्रत्येक रबरी ठोकळ्यावर ब्लेडने कापल्यासारख्या नागमोडी चिरा दिसतात. बोटाने ठोकळा दाबला की त्या उघडतात. चाक फिरताना नेमके हेच होते: हजारो चिरांच्या कडा बर्फाला ओरखडे काढत धरून ठेवतात. मोठ्या खाचांचे काम वेगळे. त्यांत भुसभुशीत बर्फ गच्च दाबला जातो, आणि बर्फाला बर्फ चांगला धरतो. चिखलात खाच भरली की टायर निकामी होतो. बर्फात भरलेली खाच उपयोगाची असते. घट्ट, काचेसारख्या बर्फावर गोष्ट आणखी बदलते. शून्य अंशाच्या आसपास त्यावर पाण्याचा पातळ थर असतो आणि तीच सर्वांत निसरडी वेळ. उणे वीसला तोच बर्फ बराच कोरडा असतो आणि पकडही बरी मिळते. कडाक्याच्या थंडीपेक्षा बर्फ वितळण्याचे दिवस जास्त फसवे असतात ते यामुळे.

टायर घेताना बाजूच्या भिंतीवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असे चिन्ह आहे का ते पाहावे. हे चिन्ह १९९९ पासून वापरात आहे. दाबलेल्या बर्फावर वेग घेताना ठरावीक तुलनेच्या टायरपेक्षा किमान दहा टक्के जास्त पकड दाखवली तरच ते मिळते. घट्ट बर्फावर ब्रेक लावण्याची परीक्षा त्यात नाही, हेही लक्षात ठेवायला हवे. ‘एम प्लस एस’, म्हणजे चिखल आणि बर्फ, ही अक्षरे तर नुसत्या खाचांच्या आकारावरून दिली जातात. त्यासाठी बर्फात चाचणी घ्यावीच लागत नाही. क्युबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात हिवाळी टायर कायद्याने सक्तीचे आहेत आणि तिथे चिन्हच ग्राह्य धरतात. कोलोराडोत डेन्व्हरजवळच्या मॉरिसनपासून पश्चिमेला डॉटसेरोपर्यंतच्या आय-७० या डोंगरी महामार्गावर सप्टेंबर ते मे या काळात टायरच्या खाचा किमान तीन-सोळांश इंच खोल असाव्या लागतात.

पिकअपवाल्यांना भुरळ पडते ती मोठमोठ्या दातेरी ऑल-टेरेन टायरांची. दिसायला दणकट, खोल बर्फ आणि कच्च्या रस्त्यावर उपयोगीही. पण त्यांतल्या अनेकांचे रबर कडक आणि चिरा मोजक्याच, त्यामुळे घट्ट बर्फावर ते हिवाळी टायरच्या मागे पडतात. केवळ चिखलासाठी बनवलेले टायर तर तिथे सर्वांत वाईट. रुंदीचाही असाच भ्रम आहे. रुंद टायर बर्फावर तरंगतो. अरुंद टायर तो कापत खाली उतरतो. म्हणून हिवाळ्यासाठी वीस इंची रिमऐवजी अठरा किंवा सतरा इंची, साध्या पोलादी रिमवर अरुंद आणि उंच टायर बसवण्याची पद्धत आहे. अर्थात ती रिम ब्रेकवर बसली पाहिजे आणि टायरचा एकूण व्यास मूळच्याइतकाच राहिला पाहिजे.

ओझ्याचा हिशेब मोटारीपेक्षा वेगळा. टायरच्या मापाआधी ‘पी’ असेल तर तो मूळचा मोटारीचा, ‘एलटी’ असेल तर हलक्या ट्रकचा. एलटी टायर जाड असतो, जास्त भार उचलतो, पण तेवढ्याच भारासाठी त्याला हवा जास्त लागते. ओढगाडी लावणाऱ्या किंवा हौदा भरून नेणाऱ्याने एलटीच घ्यावा. हौद्यात फारतर किराणा असणाऱ्याला तो नाहक कडक वाटेल. दोन्ही बाबतींत दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर लिहिलेल्या क्षमतेपेक्षा कमी क्षमतेचा टायर घेऊ नये. आणि टायर चारही बदलावेत. फक्त मागचे बदलले तर गाडी ढकलली जाते, पण पुढची चाके वळत नाहीत.

खिळ्यांचे टायर घट्ट बर्फावर उत्तम, उघड्या रस्त्यावर मात्र डांबर उखडणारे. जपानने खिळ्यांमुळे उडणाऱ्या धुळीपायी १९९० साली त्यांच्याविरुद्ध कायदा केला. त्याच सुमारास बिनखिळ्यांचे मऊ टायर तिथे झपाट्याने सुधारले. साखळ्या ही वेगळी सोय: गुलमर्गच्या रस्त्यावर असो वा कॅलिफोर्नियाच्या सिएरा पर्वतात, चढ आला की चालक उतरून त्या बांधतो. साखळी लावल्यावर ताशी पन्नास किलोमीटरच्या आत राहायचे आणि थोडे अंतर गेल्यावर थांबून ती पुन्हा ताणायची. कोणत्या चाकांना लावायची ते गाडीच्या पुस्तिकेत पाहावे. अनेक पिकअपना ती फक्त मागेच चालते.

निगेत पहिली गोष्ट हवा. वीस अंशांच्या बंदिस्त गॅरेजमध्ये ३५ पीएसआय भरलेला टायर उणे वीसच्या रस्त्यावर थंड झाला की २८ च्या आसपास येतो. गंमत अशी की अमेरिकी नियमाप्रमाणे डॅशबोर्डवरचा दिवा हवा पंचवीस टक्के कमी झाल्यावर लागला तरी चालतो. ३५ चे पंचवीस टक्के गेले की उरतात सव्वीस. म्हणजे २८ वर दिवा गप्प, आणि चालक निश्चिंत. हवा टायर थंड असताना, बाहेरच, आणि महिन्यातून एकदा तरी मोजावी. पकड वाढेल म्हणून हवा काढण्याचा सल्ला वाळूत रुतलेल्या गाडीसाठी ठीक. महामार्गावर तो घातक.

दुसरी गोष्ट वजन. दीडशे किलोपर्यंत वाळूच्या पिशव्या मागच्या आसावर किंवा किंचित पुढे ठेवून पट्ट्यांनी बांधाव्यात. अगदी मागे फळीशी ठेवल्या तर पुढची चाके हलकी होतात. मोकळ्या ठेवल्या तर ब्रेक लागताच त्या केबिनवर येऊन आदळतात. चाक रुतले की त्यातलीच मूठभर वाळू खाली टाकता येते.

नवे चाक चढवल्यावर सुमारे दीडशे किलोमीटरच्या आत नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासावेत. खाचा चार मिलिमीटरपेक्षा कमी उरल्या की कायद्याच्या दृष्टीने टायर चालू असला तरी बर्फासाठी तो गोटाच. अमेरिकेत ढोबळ अंदाजाला क्वार्टर डॉलरचे नाणे वापरतात: वॉशिंग्टनचे डोके खाली करून ते खाचेत घातले आणि डोक्याचा वरचा भाग दिसला, तर टायर बदलायची वेळ केव्हाच झाली. वय पाहायचे तर भिंतीवरच्या ‘डॉट’ क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचावेत. ३८२३ म्हणजे २०२३ चा अडतिसावा आठवडा.

पारा सात अंशांच्या वर स्थिरावला की हिवाळी टायर उतरवावेत. मऊ रबर तापलेल्या डांबरावर भराभर झिजते. धुऊन, वाळवून, उन्हापासून आणि ओझोन सोडणाऱ्या विजेच्या यंत्रांपासून दूर ठेवावेत: रिमसह असतील तर एकावर एक रचून, नुसते असतील तर उभे. मागचे टायर जास्त झिजलेले असतात, म्हणून कोणते कुठून काढले ते प्रत्येकावर खडूने लिहिले की पुढच्या नोव्हेंबरात मागचे पुढे आणि पुढचे मागे घालता येतात.