दोन रेघा आणि प्राध्यापक मी

गेल्या वर्षीची गोष्ट. वडोदऱ्याच्या आमच्या घरी पहाटे पाच वाजता मी हातात प्रेग्नन्सी टेस्टची पट्टी घेऊन घड्याळाकडे बघत उभी होते. लग्नाला सहा वर्षं झाली होती. एकुलती रेघ बघायची सवय झाली होती. त्या दिवशी दोन उमटल्या. गुलाबी.

रडून-हसून झाल्यावर माझ्यातली इंजिनिअर जागी झाली. रेघ गुलाबीच का? शोधलं, तर उत्तर निघालं सोनं! अशा बऱ्याच पट्ट्यांमध्ये सोन्याचे अतिसूक्ष्म कण असतात, मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागात, म्हणजे नॅनोमीटरमध्ये मोजायचे. लघवीत एचसीजी हार्मोन असेल तर हे कण रेघेवर अडकून साचतात.

पण सोनं तर पिवळं! लंडनला मायकेल फॅरडेने १८५७ साली सोन्याचं लाल द्रावण दाखवलं होतं; रंग बारीक कणांचा, हेही ओळखलं होतं. त्याचं पूर्ण गणित मांडलं ते जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्ड विद्यापीठाच्या गुस्ताव मी यांनी. हो, आडनावाचा उच्चार चक्क 'मी'!

१८६८ मध्ये रोस्टॉकला जन्म, हायडेलबर्गला गणितात डॉक्टरेट, मग भौतिकशास्त्राकडे. १९०८ साली त्यांनी मॅक्सवेलची समीकरणं एका गोल कणासाठी सोडवली. सोन्याचा कण इतका लहान झाला की हिरवा प्रकाश शोषतो. लाल पुढे जातो. ६९ पानांचा तो निबंध, आणि आकडेमोड सगळी हातानं.

पुढे हाले, मग फ्रायबुर्ग इथे ते प्राध्यापक होते. १९३५ मध्ये निवृत्त झाले. १९१२-१३ मध्ये त्यांनी पदार्थाच्या मुळाशी जाणारा मोठा सिद्धान्त मांडला, पण तो मागे पडला. सोन्याच्या पाण्यावरच्या त्या निबंधाला खरे दिवस आले ते संगणक आल्यावर. मी साहेब १९५७ मध्येच गेले. आज धुकं, ढग, रंग, औषधं, सगळीकडे त्यांचं गणित वापरतात.

बाळंतपणाच्या रजेत मी त्यांची समीकरणं प्रोग्रॅममध्ये घातली. क्षणात आलेख आला, ५२० नॅनोमीटरपाशी, हिरव्या रंगात, नेमकं शिखर. मांडीवर लेक झोपली होती.

आजीला सगळं समजावून सांगितलं. गणित तिनं सोडून दिलं, एवढंच म्हणाली, "म्हणजे पोरीनं येतानाच सोनं आणलं की गं!"