लेबल प्रिंटरची बिंदुघनता व आज्ञावलीचे अनुकूलन : एक विवेचन

प्रस्तावना :
ग्रंथालयातील पुस्तक, औषधांचे खोके, रक्तनमुन्याची नळी यांची ओळख आज लेबलवरील बारकोडने पटते. अधिक बिंदुघनतेचा नवा प्रिंटर घेतल्यास छपाई अधिक सुबक होईल, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात जुनीच आज्ञावली पाठविल्यास मजकूर आक्रसून लेबलच्या एका कोपऱ्यात गोळा होतो. प्रस्तुत लेखात झेब्रा कंपनीच्या झेडपीएल या आज्ञाभाषेच्या आधारे या समस्येचे कारण व उपाय यांचे विवेचन केले आहे.

समस्येचे स्वरूप :
झेडपीएलमध्ये अंतरे सामान्यतः मिलिमीटरमध्ये नव्हे, तर बिंदूंमध्ये दिली जातात. २०३ डीपीआयचा प्रिंटर एका मिलिमीटरमध्ये ८ बिंदू छापतो, ३०० डीपीआयचा १२, तर ६०० डीपीआयचा २४. त्यामुळे मजकुराचे स्थान ठरविणाऱ्या ‘एफओ’ या आज्ञेतील ८० बिंदू पहिल्या प्रिंटरवर १० मिलिमीटर होतात. दुसऱ्यावर तेच अंतर ६.७ मिलिमीटरवर येते.

स्थान, लेबलची रुंदी व लांबी, चौकटी आणि लवचीक आकाराची अक्षरे यांचे आकडे दीडपट केल्यास हा दोष दूर होतो. मात्र येथे ३०० भागिले २०३ असा हिशेब करू नये. त्याने १०० मिलिमीटरच्या ८०० बिंदूंचे १२०० ऐवजी ११८२ बिंदू होतात व दीड मिलिमीटरची तूट पडते. बिंदुप्रतिमा म्हणून साठविलेले बोधचिन्ह मात्र नव्या घनतेनुसार पुन्हा तयार करावे लागते.

बारकोडची अडचण :
खरा प्रश्न बारकोडचा आहे. ‘बीवाय’ या आज्ञेत सर्वांत अरुंद रेघेची जाडी पूर्णांक बिंदूंतच देता येते. २ बिंदूंचे ३ करणे सोपे आहे. दोन्हीकडे जाडी ०.२५ मिलिमीटरच राहते. परंतु ३ बिंदूंचे साडेचार होऊ शकत नाहीत. ४ किंवा ५ यांतून निवड करावी लागते.

७५ मिलिमीटर रुंदीच्या लेबलवर १२ अक्षरांचा ‘कोड १२८’ छापावयाचा आहे, असे समजू. अरुंद रेघेच्या मापाने त्याची लांबी १६७ एकके भरते. शिवाय दोन्ही बाजूंस प्रत्येकी १० एकके मोकळी जागा लागते. जुन्या प्रिंटरवर ३ बिंदूंच्या रेघेने हे सारे ७०.१ मिलिमीटरमध्ये बसते. नव्या प्रिंटरवर ५ बिंदू घेतल्यास ७७.९ मिलिमीटर लागतात, म्हणजे लेबल अपुरे पडते. ४ बिंदू घेतल्यास ६२.३ मिलिमीटर पुरतात. रेघ मात्र ०.३७५ वरून ०.३३ मिलिमीटरवर येते. म्हणून येथे ४ बिंदूच स्वीकारावे लागतात आणि असे लेबल स्कॅनरवर वाचून पाहणे अनिवार्य ठरते. न वाचलेला क्रमांक हाताने टंकित करावा लागतो, आणि रक्तनमुन्याच्या बाबतीत एका अंकाची चूक अहवाल दुसऱ्याच रुग्णाच्या नावावर नेऊ शकते.

निष्कर्ष :
१. लेबलचा मूळ आराखडा मिलिमीटरमध्ये जतन करावा व बिंदूंचे आकडे त्यावरून काढावेत.
२. बारकोडच्या रेघेची जाडी सरसकट गुणाकाराने न ठरविता उपलब्ध जागा पाहून स्वतंत्रपणे निवडावी.
३. नवा प्रिंटर वापरात आणण्यापूर्वी छापील लेबल पट्टीने मोजावे व नेहमीच्याच स्कॅनरने वाचून पाहावे.