फिरती लाकूडगिरणी : मागवण्याआधी मांडायचा हिशेब

कोकणातील वाडीत वादळाने पडलेला फणस असो किंवा विदर्भात शेताच्या बांधावर वयात आलेला साग असो, लाकूड हाताशी असूनही ते कापून घेणे मोठे कष्टाचे काम असते. ओंडका गाडीत चढवायचा, गिरणीपर्यंत न्यायचा आणि फळ्या करून पुन्हा घरी आणायचा, यातच बराच पैसा खर्ची पडतो. म्हणूनच ‘ओंडका गिरणीकडे नेण्याऐवजी गिरणीच ओंडक्याकडे नेता आली तर?’ हा विचार अनेकांना मोहवतो. परदेशी कंपन्यांची फिरती बँडसॉ मिल नेमके हेच आश्वासन देते. मात्र या यंत्राची किंमत विचारण्याआधी काही वेगळेच प्रश्न विचारावे लागतात, आणि त्यांचा क्रम चुकला तर लाखो रुपयांचे यंत्र ताडपत्रीखाली पडून राहू शकते.

यंत्राची रचना तशी साधी आहे. आपल्याकडील नेहमीच्या गिरणीत पाते उभे असते आणि ओंडका गाड्यावरून त्याच्याकडे सरकवला जातो. फिरत्या गिरणीत ओंडका पोलादी रुळांच्या मधोमध स्थिर राहतो आणि आडवे पाते बसवलेले डोके त्याच्यावरून पुढे सरकते. दोन चाकांवर ताणलेले, साधारण ३२ ते ३८ मिलिमीटर रुंद आणि एक मिलिमीटरहून किंचित जाड असे अखंड पाते मिनिटाला सुमारे १,५०० मीटर वेगाने फिरते. अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे १९८२ मध्ये सुरू झालेल्या वुड-मायझर या कंपनीने अशा पातळ पात्याच्या यंत्रांचा मोठा प्रसार केला. आज अमेरिका, कॅनडा, युरोप आणि चीनमध्ये तयार होणारी अशी अनेक यंत्रे बाजारात आहेत.

पातळ पात्याचा फायदा साध्या हिशेबाने कळतो. ३० सेंटिमीटर उंचीच्या चौरस ओंडक्यातून २५ मिलिमीटर जाडीच्या फळ्या काढायच्या आहेत असे समजू. गोल करवतीच्या प्रत्येक कापात सहा मिलिमीटर लाकडाचा भुसा होत असेल, तर नऊ फळ्या निघतात. पातळ पात्याच्या कापात अडीच मिलिमीटरच जात असतील, तर त्याच ओंडक्यातून अकरा फळ्या मिळतात. सागासारख्या महाग लाकडात या दोन फळ्यांचे मोल मोठे आहे.

पहिला प्रश्न परवान्याचा

हे सारे आकर्षक असले, तरी भारतात कायद्याची बाजू आधी पाहावी लागते. टी. एन. गोदावर्मन तिरुमुलपाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी दिलेल्या आदेशापासून लाकूडगिरण्यांवर कडक नियंत्रण आले. केंद्रीय अधिकारप्राप्त समितीच्या पूर्वपरवानगीशिवाय राज्यांनी नव्या गिरण्या सुरू होऊ देऊ नयेत, असे ऑक्टोबर २००२ मध्ये न्यायालयाने बजावले. पुढे २०१५ च्या आदेशानंतर हे काम राज्यस्तरीय समित्यांकडे आले आणि २०१६ मध्ये केंद्राने लाकूडाधारित उद्योगांसाठी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. वीज किंवा यांत्रिक शक्तीच्या साहाय्याने जेथे लाकूड चिरले जाते, ती यंत्रसामग्री आणि ती जागा म्हणजे गिरणी, असाच या नियमांचा रोख आहे. यंत्राला चाके आहेत किंवा ते परदेशी आहे, एवढ्याने ते या चौकटीबाहेर जात नाही.

येथेच ‘फिरती’ या शब्दाचा पेच निर्माण होतो. परवाना विशिष्ट जागेशी बांधलेला असतो, आणि गिरणी दुसरीकडे हलवायची तर पुन्हा परवानगी लागते. त्यामुळे गावोगाव फिरून लाकूड कापून देण्याचा जो व्यवसाय अमेरिकेत किंवा युरोपात सर्रास चालतो, तो येथे त्याच स्वरूपात करता येईल असे गृहीत धरता येत नाही. परवानाधारक गिरणीमालकालाही जुन्या यंत्राच्या जागी नवे बसवताना किंवा क्षमता वाढवताना वनविभागाची लेखी संमती घ्यावी लागते. सीमाशुल्क विभागाने यंत्र बंदरातून सोडले, याचा अर्थ ते चालवण्याची परवानगी मिळाली असा होत नाही. हे दोन्ही विभाग स्वतंत्र आहेत. उपवनसंरक्षक कार्यालयाकडून लेखी उत्तर हाती येईपर्यंत परदेशी कंपनीला आगाऊ रक्कम न पाठवणे, हेच शहाणपणाचे.

लाकडाचीही कागदपत्रे हवीत. झाड स्वतःच्या शेतातले असले, तरी महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, १९६४ आणि वाहतूक परवान्याचे नियम लक्षात घ्यावे लागतात. कापण्यासाठी आलेले लाकूड वैध आहे याची नोंद ठेवण्याची जबाबदारी गिरणीचालकावर असते.

ओंडका पाहून यंत्र

परवान्याचा मार्ग मोकळा असेल, तर पुढचा विचार ओंडक्याचा. माहितीपत्रकात ओंडक्याचा कमाल व्यास ठळकपणे छापलेला असतो. प्रत्यक्षात कापाची कमाल रुंदी त्याहून कमी असू शकते. ७० सेंटिमीटरचा ओंडका रुळांवर मावेल, पण पाते एका वेळी ५५ सेंटिमीटरच कापू शकेल, असे घडते. म्हणून हे दोन्ही आकडे वेगवेगळे विचारावेत.

दुसरा मुद्दा वजनाचा. अर्धा मीटर व्यासाच्या आणि तीन मीटर लांबीच्या ओंडक्याचे घनफळ सुमारे ०.५९ घनमीटर होते. ओला ऐन घनमीटरला हजार किलोच्या आसपास धरला, तर हा एक ओंडका सहाशे किलोंच्या घरात जातो. चार माणसांनी पहारी लावून तो चढवणे आणि फिरवणे धोक्याचेच. रोज असे ओंडके कापायचे असतील तर हायड्रॉलिक हातांचे यंत्र घ्यावे, अन्यथा चेनपुली आणि उताराची फळी यांची सोय आधी करावी.

तिसरा मुद्दा शक्तीचा. थंड प्रदेशांतील पाइनसारख्या मऊ लाकडासाठी दहा-बारा अश्वशक्तीचे यंत्र पुरते. ऐन, किंजळ, बाभूळ अशा कठीण लाकडात रुंद काप घेताना तेच यंत्र अडखळते, पाते वर-खाली होते आणि फळी लाटेसारखी निघते. अशा कामासाठी वीस ते तीस अश्वशक्तीचा आणि भक्कम सांगाड्याचा विचार करावा. विक्रेत्याने पाठवलेल्या चित्रफितीत कोणते लाकूड कापले जात आहे, हे पाहिल्याखेरीज वेगाच्या दाव्यावर विसंबू नये.

खरी परीक्षा पात्याची

यंत्र एकदाच घेतले जाते, पाती मात्र सतत लागतात. पात्याच्या दाताचा पुढे झुकलेला कोन मऊ लाकडासाठी दहा अंश किंवा अधिक असतो. कठीण लाकडाला सात किंवा चार अंशांचे पाते अधिक मानवते. सागाच्या लाकडात सिलिका असल्याने साध्या पोलादाचे दात लवकर बोथट होतात. तेथे द्विधातू पाते किंवा दातांच्या टोकांना स्टेलाइट अथवा कार्बाइड बसवलेले पाते महाग असूनही परवडू शकते. बांधावरच्या झाडांत कुंपणाचे खिळे आणि तारा दडलेल्या असतात. महागडे पाते लावण्याआधी ओंडक्यावरून धातुशोधक फिरवण्याची सवय त्यासाठी आवश्यक आहे.

पात्याला धार लावण्याचे आणि दात आळीपाळीने डावी-उजवीकडे वाकवण्याचे यंत्र मूळ मागणीतच समाविष्ट करावे. ते नसेल तर एखाद-दुसऱ्या तासाच्या कापणीनंतर बोथट झालेले पाते टाकून द्यावे लागते. पात्याची एकूण लांबी किती आणि त्या मापाचे पाते देशातच पट्टीच्या गुंडाळीतून जोडून मिळते का, हेही आधीच तपासावे. प्रत्येक पात्यासाठी जहाजाची वाट पाहावी लागणारे यंत्र कितीही स्वस्त असले, तरी अखेर महागच पडते.

विजेच्या यंत्राबाबत आणखी एक बारकावा आहे. अमेरिकेत विजेची वारंवारिता ६० हर्ट्झ आहे, भारतात ५० हर्ट्झ. तिकडची मोटर येथे साधारण सहाव्या हिश्शाने हळू फिरते आणि पात्याचा वेगही तेवढाच उतरतो. म्हणून मागणीपत्रात ‘४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ, तीन फेज’ असे स्पष्ट लिहावे. रस्त्यावरून ओढता येणाऱ्या ट्रेलरला मोटार वाहन कायदा, १९८८ लागू होतो. एका जागीच कापणी करायची असेल, तर चाकांवर पैसे खर्च करण्याचे कारण नाही.

दरपत्रकापलीकडचा खर्च

आयातीसाठी विदेश व्यापार महासंचालनालयाचा आयातदार-निर्यातदार संकेतांक लागतो. दरपत्रक कारखान्याच्या दारापर्यंतचे आहे, जहाजावर चढवण्यापर्यंतचे आहे की न्हावा-शेवा बंदरापर्यंतचे, हे आधी पाहावे. लाकूडकामाची यंत्रे सीमाशुल्काच्या ८४६५ या शीर्षाखाली येतात. भाडे व विम्यासह यंत्राचे मूल्य १० लाख रुपये, मूळ शुल्क साडेसात टक्के आणि एकात्मिक वस्तू व सेवा कर १८ टक्के धरू. मूळ शुल्क ७५ हजार रुपये होते. त्याच्या दहा टक्के समाजकल्याण अधिभार म्हणजे साडेसात हजार. या साऱ्या बेरजेवर, म्हणजे १०,८२,५०० रुपयांवर, कर १,९४,८५० रुपये. एकूण १२,७७,३५० रुपये. नोंदणीकृत व्यावसायिकाला यातील कराची वजावट मिळू शकते, पण रक्कम आधी भरावी लागते. बंदर हाताळणी, सीमाशुल्क दलाल आणि पुढची वाहतूक हे खर्च वेगळेच. दर अर्थसंकल्पागणिक बदलू शकतात, म्हणून मागणी नोंदवण्याच्या दिवशीचा दर दलालाकडून लेखी घ्यावा.

यंत्र लाकडी खोक्यात येणार असेल, तर त्या लाकडावर ‘आयएसपीएम १५’ या आंतरराष्ट्रीय निकषानुसार प्रक्रिया केल्याचा शिक्का हवा. तो नसेल तर माल बंदरात अडकतो आणि दिवसागणिक भाडे चढते. जुने यंत्र स्वस्त वाटले, तरी त्याचे मूल्य आणि उरलेले आयुष्य यांबद्दल सनदी अभियंत्याचे प्रमाणपत्र सीमाशुल्क विभाग मागतो. शिवाय अशा यंत्राची हमी बहुधा संपलेली असते.

परवाना हाती असलेला, नियमित मोठे ओंडके येणारा आणि पात्यांची देखभाल स्वतः करू शकणारा गिरणीमालक या यंत्रातून लाकूड वाचवून पैसे मिळवू शकतो. वर्षाकाठी दोन-चार झाडे कापणाऱ्या शेतकऱ्याला मात्र जवळच्या परवानाधारक गिरणीचे भाडेच किफायतशीर ठरेल. आधी वनविभागाचे उत्तर, मग ओंडक्यांची मापे, त्यानंतर पात्यांची सोय आणि सर्वांत शेवटी किंमत, हा क्रम पाळला तर यंत्र न घेण्याचा निर्णयही नफ्याचाच ठरू शकतो.