पोस्टमनच्या बागेतला अ‍ॅव्होकॅडो

जगाच्या बाजारात आज विकल्या जाणाऱ्या अ‍ॅव्होकॅडोंपैकी सुमारे ८० टक्के एकाच वाणाचे असतात. खरबरीत सालीचा, पिकला की हिरव्याचा काळाजांभळा होणारा हा वाण म्हणजे ‘हॅस’. मेक्सिकोतल्या मिचोआकान प्रांतात असो, पेरूत असो की न्यूझीलंडमध्ये, या वाणाचे प्रत्येक झाड कलमावर कलम होत मूळच्या एकाच झाडापासून आले आहे. ते मूळ झाड कोणत्याही संशोधन केंद्रात जन्मले नव्हते. कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसजवळच्या ला हाब्रा हाइट्स या टेकड्यांवरच्या वस्तीत, एका पोस्टमनच्या दीड एकराच्या बागेत ते बियांतून उगवले. शिवाय त्या बागेत ते कोणाला नकोच होते!

रुडॉल्फ हॅस हा मिलवॉकीहून कॅलिफोर्नियात आलेला माणूस पॅसाडेनामध्ये टपाल वाटत असे. एका मासिकात त्याने अ‍ॅव्होकॅडोच्या झाडाला डॉलरच्या नोटा लगडल्याचे चित्र पाहिले आणि १९२०च्या दशकाच्या मध्यावर ही जमीन घेतली. त्या काळी कॅलिफोर्नियात ‘फुएर्ते’ या वाणाचे राज्य होते. कार्ल श्मिट या तरुणाने १९११ साली मेक्सिकोतल्या आतलिस्को गावातून त्याच्या काड्या आणल्या होत्या. १९१३च्या भयंकर थंडीत इतर झाडे करपली, फुएर्ते तगला, आणि तेव्हापासून बागाईतदारांचा त्याच्यावर विश्वास बसला. हॅसलाही फुएर्तेचीच बाग करायची होती.

अ‍ॅव्होकॅडोचे बी लावले तर झाड येते, पण ते आईसारखे निघत नाही. कोय पुरून हापूस मिळत नाही, रायवळ आंबाच मिळतो, तसेच हे. म्हणून बियांची रोपे खुंट म्हणून वाढवायची आणि त्यांच्यावर हव्या त्या वाणाची काडी बांधायची, ही पद्धत. हॅसने व्हिटियर इथल्या ए. आर. राइडआउट या रोपवाटिकाचालकाकडून बिया आणल्या. राइडआउट मिळेल तिथून बिया गोळा करी, हॉटेलांनी फेकलेल्यासुद्धा. त्यामुळे या बियांचे आईबाप कोण हे कुणालाच ठाऊक नव्हते. रोपे वाढली आणि कॉकिन्स नावाच्या जाणत्या कलमकाराने त्यांच्यावर फुएर्तेच्या काड्या बांधल्या. एका रोपावर मात्र कलम धरेना. पुन्हा बांधले, पुन्हा सुकले. हॅस ते रोप उपटायला निघाला, तेव्हा कॉकिन्स म्हणाला की रोप जोमदार आहे, राहू दे, वाढू दे. हॅस वाणाच्या इतिहासात या कलमकाराचे नाव तळटीपेत येते. माझ्या मते ते पहिल्या ओळीत यायला हवे, कारण आपले काम ज्यावर फसले त्याच रोपाचा गुण त्याने ओळखला.

रोपाला फळे लागली, पण ती गुळगुळीत हिरव्या फुएर्तेसारखी नव्हती. साल जाड होती आणि पिकल्यावर काळी पडत होती. चव मात्र लोण्यासारखी दाट होती, आणि हॅस कुटुंबातल्या आठवणीप्रमाणे मुलांना हीच फळे अधिक आवडली. मग हॅस पोस्टातल्या सहकाऱ्यांना आणि पॅसाडेनातल्या एका किराणा दुकानाला फळे विकू लागला. त्या दुकानात एका फळाला एक डॉलर पडे. मंदीचे दिवस लक्षात घेता ही किंमत थक्क करणारी आहे.

वनस्पतींच्या नव्या वाणांना पेटंट देणारा कायदा अमेरिकेत १९३० साली झाला. त्याचा आधार घेऊन हॅसने १९३५ साली आपल्या झाडाचे पेटंट मिळवले. त्याचा क्रमांक १३९. व्हिटियरच्या हॅरॉल्ड ब्रोकॉ या रोपवाटिकामालकाशी त्याने करार केला: उत्पन्नाचा पाऊण हिस्सा ब्रोकॉचा, पाव हिस्सा हॅसचा. कागदावर सगळे नीट होते. प्रत्यक्षात बागाईतदार एक कलम विकत घेत आणि त्याच्याच काड्या कापून सगळी बाग बांधत. पेटंटवर हॅसला मिळालेली एकूण रक्कम पाच हजार डॉलरपर्यंतही पोहोचली नाही. आयुष्यभर तो टपालखात्याच्या नोकरीवरच जगला. १९५२ साली पेटंटची मुदत संपली आणि त्याच वर्षी तोही वारला. कॅलिफोर्नियात त्याच्या वाणाने फुएर्तेला मागे टाकले ते १९७०च्या दशकात. जाड साल लांबच्या प्रवासात टिकते आणि काळ्या रंगात डाग दिसत नाहीत, हे व्यापाऱ्यांना तोवर पुरते कळले होते.

त्या मूळ रोपाच्या आईबापांचा पत्ता २०१९ साली अंशतः लागला. लुइस हेरेरा-एस्त्रेया यांच्या नेतृत्वाखाली मेक्सिकन आणि अमेरिकन शास्त्रज्ञांनी अ‍ॅव्होकॅडोच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन केले. त्यात हॅसचा सुमारे ६१ टक्के अंश मेक्सिकन वंशाचा आणि ३९ टक्के ग्वाटेमालन वंशाचा निघाला. जाड साल ही ग्वाटेमालन घराण्याची खूण.

पण घरच्या बागेत हॅस वाढवणाऱ्याला खरे नवल दिसते ते मोहोर आल्यावर. मोठ्या झाडाला लक्षावधी फुले येतात आणि हजारात एखादेच फळ धरते. प्रत्येक फूल दोनदा उमलते. हॅसचे फूल पहिल्या दिवशी सकाळी मादी म्हणून उघडते, तेव्हा कुक्षी तयार असते, पण परागकोश बंद असतात. दुपारी ते मिटते. दुसऱ्या दिवशी दुपारी तेच फूल पुन्हा उघडते, या वेळी नर म्हणून, पराग देण्यासाठी. एकाच झाडावरची हजारो फुले हा क्रम एकदमच पाळतात. या वेळापत्रकाला ‘अ’ गट म्हणतात. ‘ब’ गटाचे वेळापत्रक बरोबर उलटे: फुएर्तेचे फूल पहिल्या दुपारी मादी असते आणि दुसऱ्या सकाळी नर. म्हणजे सकाळी फुएर्ते पराग देतो तेव्हा हॅस ते घ्यायला तयार, आणि दुपारी देवाणघेवाण उलटी. न्यूयॉर्क वनस्पती उद्यानातले ए. बी. स्टाउट यांनी १९२०च्या दशकात या घड्याळाचा बारकाईने अभ्यास केला. थंड हवेत हे घड्याळ गोंधळते, दोन्ही अवस्था एकमेकींवर येतात, आणि म्हणून एकटे झाडही काही फळे धरते. तरी जागा असेल तर जवळ फुएर्ते, बेकन किंवा झुटानो या ‘ब’ गटातल्या वाणाचे झाड लावावे. जागा नसेल तर हॅसच्याच एखाद्या फांदीवर त्याचे कलम बांधावे. बाकी काम मधमाश्या करतात.

दुसरे नवल फळाचे. अ‍ॅव्होकॅडो झाडावर पिकत नाही. तो झाडावर भरतो, त्याच्यातले तेल वाढत जाते, पण मऊ होतो तो तोडल्यानंतरच. त्यामुळे तयार झालेला हॅस कित्येक आठवडे, कधी कित्येक महिने फांदीवरच ठेवता येतो आणि लागेल तेवढाच तोडता येतो. घरच्या बागेला याहून चांगली साठवण कोणती! फळ भरले की नाही हे पाहायला एक तोडून घरात ठेवावे. आठवडा-दहा दिवसांत ते न सुरकुतता मऊ झाले, तर बाकीचीही तोडायला हरकत नाही. तोडताना ओढू नये, देठाचा छोटा तुकडा ठेवून कात्रीने कापावे. घाई असेल तर शेजारी पिकते केळे ठेवावे. केळ्यातून सुटणाऱ्या इथिलीन वायूने फळ लवकर पिकते.

या झाडाचे मर्मस्थान मुळांत आहे. अन्नपाणी घेणारी मुळे अगदी वरच्या थरात पसरतात आणि त्यांना हवा लागते. झाडाखाली पडलेली पाने झाडून काढू नयेत, त्यांचा जाड थर तसाच राहू द्यावा. पाणी साचले की ‘फायटोफ्थोरा सिनॅमोमी’ हा बुरशीसारखा सूक्ष्मजीव मुळे कुजवतो. १९२२ साली त्याची पहिली नोंद झाली ती सुमात्रामध्ये, दालचिनीच्या झाडांवर. अ‍ॅव्होकॅडो, दालचिनी आणि आपले तमालपत्र ही एकाच कुळातली झाडे आहेत. महाराष्ट्रात जे शेतकरी आता हे फळ लावत आहेत, त्यांनी पाणी धरून ठेवणाऱ्या काळ्या जमिनीत उंच वरंब्यावरच रोप लावावे आणि निचऱ्याला खतापेक्षा अधिक महत्त्व द्यावे.

याच मुळकुजीने हॅसचे मूळ झाड संपवले. हॅरॉल्डचा पुतण्या हँक ब्रोकॉ याने ते वाचवण्यासाठी वर्षानुवर्षे उपचार केले, पण २००२ साली ते तोडावे लागले.

रोगावर टिकणाऱ्या खुंटांचा शोध मात्र थांबलेला नाही. रिव्हरसाइडच्या विद्यापीठातले जॉर्ज झेंटमायर यांनी अनेक दशके लॅटिन अमेरिकेत रोगप्रतिकारक झाडे शोधली, आणि ‘ड्यूक ७’ हा खुंट त्याच कामातून प्रचारात आला. पुढे दक्षिण आफ्रिकेत ‘दुसा’ निवडला गेला. असे खुंट बियांपासून करता येत नाहीत, म्हणून एक विलक्षण युक्ती वापरली जाते. साध्या बियांच्या रोपावर खुंटाची काडी बांधतात, तिचा फुटवा अंधारात वाढवून त्याला स्वतःची मुळे फोडायला लावतात, आणि त्याच्यावर हॅसची काडी बांधतात. सुरुवातीला पोसणारे बी नंतर निकामी होते. ही पद्धत व्यापारी प्रमाणावर आणण्यात हँक ब्रोकॉच्याच रोपवाटिकेचा मोठा वाटा होता. म्हणून हॅसचे कलम विकत घेताना वरच्या वाणाची खात्री तर करावीच, पण खाली खुंट कोणता आहे हेही रोपवाटिकेत आवर्जून विचारावे.