जुन्या ट्रकची धुराची नळी

विहिरीवरचं डिझेल इंजिन तुम्ही पाहिलं आहे. त्याचा धूर एका नळीतून बाहेर जातो. त्या नळीत बोळा कोंबला तर काय होईल? इंजिन घुसमटेल आणि बंद पडेल. माणूस श्वास आत घेतो, तसा बाहेरही सोडतो. इंजिनाचंही तसंच आहे.

आता अमेरिकेतली एक जुनी गाडी पाहू. पुढे दोघातिघांना बसायला केबिन, मागे उघडा हौदा. या लहान ट्रकला पिकअप म्हणतात. शेव्हरोलेट कंपनीच्या पिकअपमध्ये 1955 साली आठ सिलिंडरचं इंजिन मिळू लागलं. आज या गाड्या म्हाताऱ्या झाल्या आहेत. पण हौशी लोक त्या दुरुस्त करतात आणि चालवतात. दुरुस्ती करताना धुराची नळी कोणती घ्यावी, इथे पुष्कळांची फसगत होते.

या इंजिनात चार सिलिंडर एका अंगाला आणि चार दुसऱ्या अंगाला असतात. सिलिंडरात पेट्रोल जळतं, दट्ट्या खाली ढकलला जातो, आणि जळका धूर भोकातून बाहेर येतो. दर अंगाला कंपनी बिडाचा एक जाड भाग बसवून देत असे. त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. चारही भोकांचा धूर त्यात लगेच एकत्र होतो.

हेडर म्हणजे दुसरी तऱ्हा. यात प्रत्येक भोकाला पोलादाची वेगळी नळी असते. पुढे जाऊन चारही नळ्या एका मोठ्या नळीत मिळतात. धूर सलग वाहत नाही, धक्क्याधक्क्यानं येतो. एका नळीतला धूर वेगानं पुढे गेला, की त्याच्या मागे ओढ तयार होते. ती ओढ दुसऱ्या सिलिंडरचा धूर बाहेर खेचते. इंजिन मोकळं होतं.

मग नळी जितकी रुंद तितकी चांगली, असं दुकानात कोणी सांगेल. ऐकू नका! शेतातला पाट आठवा. तेवढंच पाणी रुंद पाटात संथ चालतं आणि अरुंद पाटात धावतं. धुराचंही असंच. फार रुंद नळीत त्याचा वेग मोडतो आणि ओढ कमी होते. मग भरलेली गाडी चढावर जोर धरत नाही. अशा पिकअपला दीड इंच, फार तर दीड इंच एक सूत नळी पुरे. पावणेदोन इंची नळी मोठ्या आणि फार जोरात फिरणाऱ्या इंजिनाची.

लांब नळ्यांनी ओढ चांगली मिळते, हे खरं. पण त्या बसवायला जागा हवी ना! अमेरिकेत ड्रायव्हर डाव्या बाजूला बसतो. स्टिअरिंगची पेटी त्याच अंगाला असते. लांब नळी तिला अडते. खाली लोंबली तर बांधावर दगडाला लागते. म्हणून पुष्कळ जण इंजिनाला चिकटून बसणारे आखूड हेडर घेतात. फायदा थोडा कमी, पण पुढची कटकट नाही. आधी फूटपट्टी घेऊन गाडीखाली शिरावं, मग दुकानात जावं.

आणि जुना बिडाचा मॅनिफोल्ड तडकलेला नसेल, तर तोच ठेवायला काय हरकत आहे? तो आवाज कमी करतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. हेडरची नळी पातळ असते. तिची धग आजूबाजूला लागते, प्लगच्या वायरी जळतात. ओल लागली की ती गंजते. सिरॅमिकचा लेप दिलेली नळी महाग पडते, पण गंज लवकर धरत नाही आणि धगही कमी फेकते.

खरा धोका मात्र सांध्यात आहे. पेट्रोलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत पेटती शेगडी ठेवून झोपलेली माणसं दगावतात, ती याच वायूनं. रक्त प्राणवायू सोडून त्यालाच धरून बसतं. जुन्या केबिनच्या पत्र्याला भोकं असतात. सांधा फुटका असेल तर वायू त्यातून आत येतो. डोकं दुखू लागतं, मळमळतं, गुंगी येते. असं झालं की गाडी थांबवून ताबडतोब बाहेर मोकळ्या हवेत यावं आणि दवाखाना गाठावा.

म्हणून इंजिनाला टेकणारी हेडरची पट्टी जाड घ्यावी. तीन सूत जाडीची पट्टी तापून सहसा वाकत नाही. तिची भोकं इंजिनाच्या भोकांवर नीट बसली पाहिजेत. मध्ये नवं गास्केट घालावं. नंतर गाडी उघड्यावर आणून, इंजिन थंड असताना सुरू करावं आणि कान द्यावा. सांध्याजवळ टकटक आवाज आला, किंवा काळी काजळी दिसली, तर तिथून धूर गळतो आहे. बोल्ट एकदा आवळून भागत नाही. इंजिन तापून थंड झालं की ते थोडे सैल पडतात. पहिल्या फेरीनंतर इंजिन पुरतं निवू द्यावं, मग पाना घेऊन सगळे बोल्ट पुन्हा आवळावेत. आठवड्यानं परत एकदा.