आगोटीची बेगमी

शहरांतील गृहिणी महिन्याचा शिधा भरते. राजापूर तालुक्यांत, जैतापूरच्या खाडीकांठीं वसलेल्या आमच्या नाटे गांवीं हिशेब पावसाळ्याचा करावा लागतो. जून लागला कीं होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, जुलैअखेर मासेमारीस बंदी असते, आणि गेल्या दिवाळीचें भात कणगीच्या तळाशीं आलेलें असतें. घरांत धान्य सर्वांत कमी आणि शेतांत काम सर्वांत अधिक, असे हे महिने. आणि लावणीला वाकणाऱ्या माणसाची भूक तर मोठी!

१९७० च्या सुमारास आमच्या घरीं आगोटीपूर्वीं नाचणी, कुळीथ, सुकी मासळी, आमसुलें व मातींत घोळलेल्या आठळ्या सांठविलेल्या असत. नाचणी वरकस उतारावर होई. कुळीथ भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर येत. नाचणीला सहसा कीड लागत नाहीं व ती वर्षानुवर्षें टिकते. म्हणून भात फसलें तरी भाकरी असे.

१९९० सालीं रोजगार हमीशीं जोडलेली फळबाग योजना आली आणि वरकसावर आंबा-काजू उभे राहिले. तें चुकलें असें मी म्हणणार नाहीं. त्याच पैशावर कित्येकांचीं मुलें शिकलीं. परंतु नाचणी गेली आणि घराची बेगमी आंब्याच्या पैशावर अवलंबून राहिली. मे २०२१ मध्यें तौक्ते वादळानें झाडावरचा हापूस झोडपून काढला, तेव्हां आगोटीला जेमतेम तीन आठवडे उरले होते.

सरकारी धान्याचा आधार मोठा आहे, हें मोकळेपणानें सांगितलें पाहिजे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें प्राधान्य कुटुंबास माणशीं दरमहा ५ किलो धान्य मिळतें. जानेवारी २०२३ पासून तें विनामूल्य झालें. पांच माणसांस २५ किलो. माणशीं रोज ४०० ग्रॅम धरले, तर महिन्यास ६० किलो लागतात. उरलेले ३५ किलो शेतानें किंवा दुकानानें पुरवावयाचे. शिवाय या हक्कांत कडधान्य येत नाहीं, आणि नुसत्या भातावर अंगांत ताकद येत नाहीं.

मी अजून दोन गुंठे कुळीथ पेरतों. वानरांनीं व रानडुकरांनीं सोडलें तर पिठी ऑगस्टपर्यंत पुरते. मोठें शेत पेरावयाचें तर रात्रीं राखणीला तरणा माणूस हवा, आणि तो बहुतेक घरांतून मुंबईस गेलेला असतो.